झेंडूची रोपे आषाढात का लांबतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या कृषिविषयक पानावर गेल्या आठवड्यात झेंडूच्या रोपवाटिकेसंबंधी एक सल्ला छापून आला. हरितगृहात वाढवलेली रोपे पावसाळ्यात उंच आणि नाजूक होऊ लागली, तर वाढ रोखणाऱ्या औषधाची एक फवारणी घ्यावी आणि लागवडीच्या वेळी ती खोल लावावीत, असा त्याचा मथितार्थ होता. मी पुरंदर तालुक्यात गेली चौदा वर्षे झेंडू आणि ॲस्टरची रोपे तयार करून विकतो आणि स्वतःच्या दीड एकरात झेंडू लावतोही. रोप विकणारा आणि रोप लावणारा अशा दोन्ही बाजूंनी हा प्रश्न माझ्या रोजच्या पाहण्यात आहे. छापलेला सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही, पण तो अर्धवट आहे, आणि अर्धवट सल्ल्यावर शेतकरी पदरचे पैसे घालतो. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर अवश्य करावी, परंतु औषधाविषयीचा आणि खोल लागवडीविषयीचा मजकूर तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

दसऱ्यासाठी झेंडू लावणाऱ्याचे सगळे गणित पंचांगापासून सुरू होते. संकरित आफ्रिकन झेंडूचे रोप ट्रेमध्ये तयार व्हायला २२ ते २५ दिवस लागतात आणि लागवडीनंतर तोडा सुरू व्हायला, वाणाप्रमाणे, ५० ते ६० दिवस. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. तिथून मागे मोजत आले की लागवड जुलैअखेरीस आणि बी टाकणे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला जातो आणि पेरणी जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सरकते. पण तिथी पाहिली तर महिना पुन्हा आषाढच निघतो. मध्ये अधिक श्रावणासारखा महिना आला नाही, तर दसऱ्याच्या झेंडूची पेरणी दरवर्षी आषाढातच पडते. वर्षातले सर्वांत दाट मळभ ज्या दिवसांत असते, नेमक्या त्याच दिवसांत या रोपाचे बाळपण जाते. रोपे लांबण्याचा प्रश्न दरवर्षी त्याच सुमारास का डोके वर काढतो, याचे उत्तर खताच्या किंवा औषधाच्या दुकानात शोधण्याआधी इथे शोधले पाहिजे.

उजेडाचा हिशेब मांडून पाहावा. उन्हाळ्यात भर दुपारी मोकळ्या रानात उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो. दाट ढगाळ दिवशी तोच १० ते २० हजारांवर येतो. हरितगृहाचा २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद नवा असताना चांगला उजेड आत सोडतो, पण सांगाड्याची सावली, चैत्र-वैशाखातील धूळ आणि पावसाच्या तोंडावर धरणारे शेवाळ यांमुळे प्रत्यक्षात सत्तर टक्केच उजेड आत आला तरी नशीब म्हणायचे. त्याखाली उन्हाळ्यात ताणलेली, ५० टक्के उजेड अडवणारी सावलीची नेट तशीच राहिलेली असते. म्हणजे बाहेर १५ हजार लक्स असताना रोपाच्या पानावर जेमतेम ५ हजार पडतात. एप्रिलमध्ये ज्या नेटने रोपे वाचवली, तीच नेट जुलैमध्ये त्यांची उपासमार करते. आमच्या भागात स्वस्त म्हणून सर्रास वापरली जाणारी हिरवी नेट तर आणखी त्रासाची आहे, कारण ती नुसता उजेड कमी करत नाही. पानाला हवा असलेला तांबडा आणि निळा भाग ती जास्त अडवते.

उजेडाच्या या गुणाविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. झाड अंधारात लांबते हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु झाडाला शेजार ओळखू येतो, हे फारसे कोणी सांगत नाही. पान तांबडा उजेड शोषून घेते आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतितांबडा उजेड तसाच सोडून देते किंवा परतवते. त्यामुळे दाटीतल्या रोपापर्यंत तांबडा कमी आणि अतितांबडा जास्त पोचतो. या दोन रंगांचे प्रमाण मोजणारा एक रंगद्रव्याचा पदार्थ रोपाच्या अंगी असतो. १९५२ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शासकीय संशोधन केंद्रात लेट्यूसच्या बियांवर झालेल्या प्रयोगांतून त्याचा माग लागला आणि पुढे त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले. प्रमाण बिघडले की रोप समजते, आपल्याभोवती गर्दी झाली आहे. आणि ते पानांसाठी व मुळांसाठी राखलेला शिधा खोडाच्या लांबीवर खर्च करू लागते. रानात हे शहाणपणाचे असते, कारण उंच वाढून शेजाऱ्याच्या वर डोके काढता येते. ट्रेमध्ये मात्र ९८ रोपे एकाच वयाची, एकाच वाणाची. सगळीच एकमेकांच्या वर जायला धडपडतात आणि सगळीच काडी होतात.

याचा पुरावा कोणत्याही रोपवाटिकेत पाहायला मिळतो. अठराव्या-विसाव्या दिवशी ट्रे डोळ्यांच्या पातळीवर धरून आडवा पाहावा. कडेच्या ओळीतली रोपे चार बोटे उंच, दांडगी, खालची दोन बीजदले (बियातून निघालेली पहिली पाने) अजून हिरवी असलेली. तिथून आत जावे तसतशी उंची वाढत जाते आणि मधोमध वीतभर लांबीची, फिकट, खालची पाने पिवळी पडलेली रोपे असतात. ट्रेचा वरचा आकार घुमटासारखा दिसतो. बी एक, ट्रेमध्ये भरलेले माध्यम (कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा) एक, पाणी एकाच झारीचे. कडेच्या रोपाला एका बाजूने मोकळा उजेड आणि वारा मिळाला, फरक मुख्यतः तेवढाच. हा घुमट दिसू लागला की माझ्या लेखी तो धोक्याचा इशारा असतो, आणि त्याच दिवशी मी ट्रे एकमेकांपासून वीतभर सुटे करतो.

परंतु सर्वांत मोठे नुकसान याच्याही आधी, पहिल्या चार दिवसांत होते, आणि ते होताना कोणाला दिसत नाही. आपल्याकडे बी टाकलेले ट्रे पाणी देऊन एकावर एक रचतात आणि त्या थप्पीवर प्लास्टिकचा कागद झाकतात. ऊब आणि ओलावा टिकून बी एकसारखे उगवावे म्हणून ही पद्धत चांगलीच आहे. झेंडूचे बी अशा उबेत लवकर फुटते; दोन-तीन दिवसांत मोड दिसतो. मोड दिसला की थप्पी मोडायची, हा नियम. चार वर्षांपूर्वीच्या जुलैत १२० ट्रेची माझी एक थप्पी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडायची होती. पावसाने मजूर लवकर घरी गेले, मीही उद्या पाहू म्हटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कागद काढला. काळ्या सुईसारख्या बियांची टरफले अजून टोकाला चिकटलेली, बीजदले पिवळी आणि मिटलेली, आणि त्यांच्याखाली पांढुरकी, काचेसारखी पारदर्शक मान, दोन-दोन बोटे लांब. वरच्या ट्रेच्या तळाला टेकून काही माना वाकड्या झाल्या होत्या. पहिल्याच झारीच्या पाण्याने निम्मी रोपे आडवी झाली ती पुन्हा नीट उभी राहिली नाहीत. दिवसाच्या कामात आपण ज्याला रात्रीपुरता उशीर म्हणतो, तो रोपाच्या त्या वयात फार मोठा काळ असतो. मी ती सगळी रोपे खतात टाकली आणि नव्याने बी टाकले, कारण मागणी नोंदवलेल्या शेतकऱ्याला ती देण्याचे धाडस माझ्याने झाले नाही. तेव्हापासून मी झेंडूचे बी शक्यतो सकाळी टाकतो, म्हणजे थप्पी उघडण्याची वेळ रात्रीवर येत नाही. आणि अठ्ठेचाळीस तासांनंतर दर चार-पाच तासांनी वरचा, मधला आणि खालचा असे तीन ट्रे ओढून पाहतो. मधले ट्रे नेहमी आधी उगवतात.

त्या प्रसंगाने एक गोष्ट मला कायमची समजली, आणि छापलेल्या सल्ल्यातील मुख्य त्रुटीही तीच आहे. खोडाचा जो भाग एकदा लांबला, तो पुन्हा कशानेही आखूड होत नाही. औषध, खत, ऊन, ताण यांतले काहीही वापरले तरी त्याचा परिणाम यापुढे येणाऱ्या पेरांवर होतो, झालेल्या मानेवर नाही. त्यामुळे ‘रोपे लांबल्यावर काय करावे’ या प्रश्नाला खरे उत्तर फार थोडे आहे. ‘लांबू लागण्याआधी काय करावे’ याला मात्र भरपूर आहे, आणि त्यातले बहुतेक उपाय फुकट किंवा स्वस्त आहेत.

पहिला उपाय नेटचा. मृगाच्या पावसाबरोबर ती काढून किंवा गुंडाळून ठेवावी. पावसाच्या थेंबांपासून ट्रे वाचवायला वरचा पारदर्शक कागद पुरेसा असतो; नेटची गरज ऊन पडले तरच, आणि तीही दुपारचे दोन-तीन तास. अनेक रोपवाटिकांत ती तारेने पक्की बांधलेली असते, म्हणून काढण्याचा आळस होतो. नेट तारेवर कड्यांनी सरकवता येईल अशी बसवण्याचा खर्च एका हंगामातल्या नासलेल्या रोपांपेक्षा खचित कमी येतो, हे मी स्वतःच्या जमाखर्चावरून सांगतो. दुसरे, मे महिन्याच्या अखेरीस कागद धुऊन घ्यावा. बांबूला गोणपाट गुंडाळून दोन माणसे सकाळपासून दुपारपर्यंत धुतात, तेव्हा कागदावरून उतरणारे पाणी चहासारखे असते. वर्षभर तेवढा उजेड आपण बाहेरच अडवून धरलेला असतो.

नंतर येतो उष्मा आणि वारा. पाऊस आला की बाजूचे पडदे खाली सोडायचे आणि पाऊस थांबल्यावर ते वर करायला विसरायचे, ही सवय सार्वत्रिक आहे. आत दमट उकाडा होतो, पाने ओली राहतात, मर लागते आणि रोप उसळते. दिवसाचे तापमान रात्रीपेक्षा जितके जास्त, तितके पेर लांब, हे अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात १९८० च्या दशकात कुंड्यांतील फुलझाडांवर काम करून दाखवले गेले. थंड देशांतील हरितगृहांत त्यावरून उजाडण्याच्या सुमारास दोन-तीन तास मुद्दाम गारवा ठेवण्याची रीत पडली, कारण खोड त्या वेळी सर्वाधिक ताणते. आपल्या साध्या, पंखे नसलेल्या हरितगृहांत तापमान आपल्या हातात नसते, हे खरे आहे. पण उजाडता उजाडता वाऱ्याच्या उलट बाजूचा पडदा वर करणे हातात आहे. त्याने गारवाही येतो आणि रोप हलते.

रोप हलणे याला महत्त्व आहे. वाऱ्याने किंवा स्पर्शाने वारंवार हललेले झाड ठेंगणे आणि जाड होते, हे शेतकऱ्याला पूर्वीपासून माहीत आहे. १९७३ मध्ये मॉर्डेकाय जॅफी या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले आणि त्यावर पद्धतशीर काम केले. मी पीव्हीसीच्या पाइपला जुन्या धोतराचे मऊ कापड गुंडाळले आहे. दोन खरी पाने आली की तो पाइप रोपांच्या शेंड्यांवरून सकाळी आणि संध्याकाळी दहा-बारा वेळा हलकेच फिरवायचा, रोपे वाकून पुन्हा उभी राहतील इतकाच. पाने कोरडी असतानाच हे करावे. ओल्या पानांवरून पाइप फिरला तर रोग एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये जातो. दोन दिवस खंड पडला तर परिणाम ओसरतो, म्हणून सातत्य हवे. ॲस्टरची पाने मला या कामाला नाजूक वाटतात, त्यामुळे तिथे मी ते करत नाही.

पाण्याविषयी एवढेच, की ते सकाळी द्यावे आणि संध्याकाळपर्यंत माध्यमाचा वरचा थर सुकू द्यावा. ढगाळ हवेत कोकोपीट दोन दिवस ओले राहते. ट्रे हाताने उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय मजुरांना लावली, तर निम्मे पाणी वाचते.

खतांच्या बाबतीत मात्र गैरसमज खोल रुजलेले आहेत. रोप फिकट दिसले की १९:१९:१९ हे मिश्र खत किंवा चिमूटभर युरिया, आणि मुळांसाठी म्हणून स्फुरद जास्त असलेले १२:६१:०० सढळ हाताने, असा प्रघात आहे. उजेड कमी असताना युरिया आणि अमोनियाच्या रूपातला नत्र रोपाला लुसलुशीत करतो, आणि लहान वयातला जादा स्फुरद मुळांइतकेच, किंबहुना अधिक, खोड ताणतो. मधल्या रोपांचे फिकटपण बहुधा उपासमारीचे नसून अंधाराचे असते; त्यावर खत देणे म्हणजे झोप न मिळालेल्या मुलाला जेवण वाढत राहणे आहे. ढगाळ आठवड्यात मी खत देत नाही. उघडीप मिळाली तर कॅल्शियम नायट्रेट अगदी पातळ करून एकदा देतो. त्यातला नत्र नायट्रेटच्या रूपात असल्याने रोप काटक राहते.

आता औषधाविषयी. वाढ रोखणारी द्रव्ये वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. परदेशांतील मोठ्या रोपवाटिकांत ती मोजूनमापून, वाणानुसार, प्रशिक्षित माणसांच्या हातून वापरली जातात. आपल्याकडे छापून येते ते केवळ नाव, आणि दुकानदार सांगतो तो पंपाचा हिशेब. पॅक्लोब्युट्राझोल आपल्या राज्याला ओळखीचे आहे ते हापूसमुळे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीने ते आंब्याच्या मोठ्या, वयात आलेल्या झाडांना जमिनीतून दिले जाते. जे द्रव्य दहा-पंधरा वर्षांच्या झाडाचा शाखीय जोर आवरते आणि मातीत दीर्घकाळ टिकते, ते चमचाभर कोकोपीटमध्ये उभ्या असलेल्या वीस दिवसांच्या रोपावर अंदाजाने मारणे किती जोखमीचे आहे, हे वेगळे सांगायला नको. मात्रा थोडी जास्त झाली की रोप ट्रेमध्ये सुंदर, गडद हिरवे आणि बुटके दिसते, गिऱ्हाईक खूश होते; आणि रानात गेल्यावर ते पंधरा-वीस दिवस जागचे हलत नाही. दसऱ्याच्या झेंडूत पंधरा दिवस म्हणजे सगळा बाजार. मी स्वतः एका वर्षी बाहेरून आणलेली अशी रोपे लावली होती. शेजारच्या वाफ्यात माझी घरची रोपे कळीला आली तेव्हा ती गुडघ्यापर्यंतही पोचली नव्हती. क्लोरमेक्वाट क्लोराइडची, म्हणजे द्राक्ष बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याची, गोष्ट नाशिककडच्या वाचकांना सांगायची गरज नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेली आपली द्राक्षे त्याच्या अंशांमुळे अडली होती. फुले खायची नसतात, हे मान्य. पण मोजमापाशिवाय औषध वापरण्याची सवय पिकाबरोबर बदलत नाही.

दिव्यांविषयीही असाच एक समज आहे. शेवंतीच्या हरितगृहात रात्री दिवे लावतात ते पाहून काही जणांनी झेंडूच्या रोपांवर पिवळे बल्ब टांगले. शेवंतीचे दिवे दिवस मोठा असल्याचे झाडाला भासवण्यासाठी असतात. त्यासाठी १०० लक्स पुरतात. त्यांतून रोपाला अन्न तयार करण्याइतका उजेड मिळत नाही. उलट, जुन्या तारेच्या बल्बमध्ये तोच अतितांबडा प्रकाश भरपूर असतो, ज्याने रोप लांबते; आणि आफ्रिकन झेंडू लहान दिवसांत लवकर फुलणारा असल्यामुळे दिवस लांबवला, तर उंची वाढून कळी मागे पडते.

खोल लागवडीच्या सल्ल्याबद्दल. झेंडूच्या खोडाला मातीत गाडलेल्या भागावर नवी मुळे फुटतात, टोमॅटोप्रमाणे, त्यामुळे लांबलेले रोप बीजदलांपर्यंत खाली घेतले तर ते सावरते. एवढे त्या सल्ल्यात बरोबर आहे. पण तो निचऱ्याच्या, हलक्या, माळाच्या जमिनीतला आणि गादीवाफ्यावरचा उपाय आहे. काळ्या, चिकण रानात, श्रावणाच्या सरींत, कोवळे पांढरट खोड चार बोटे गाडले तर ते मुळे फुटण्याच्या आधी कुजते. ॲस्टरला तर हा उपाय कधीच लागू नाही. त्याचे खोड मातीआड गेले की बुडखा सडण्याचा आणि मर लागण्याचा धोका वाढतो. आपल्या पानावर ‘फुलझाडांची रोपे’ असा सरसकट शब्द होता, तो म्हणूनच मला खटकला. आमच्या तालुक्यात एकाच बांधाच्या दोन बाजूंना झेंडू आणि ॲस्टर असतात, आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला लागला तर ॲस्टरचा अख्खा वाफा जातो.

मग रोपे लांबलीच, तर? ती अजून ट्रेमध्ये असतील आणि पंधरा दिवसांच्या आतली असतील, तर ट्रे सुटे करून तीन-चार दिवसांत टप्प्याटप्प्याने पूर्ण उजेडात न्यावीत, खत थांबवावे, पाण्याचा हलका ताण द्यावा. पुढची पेरे आखूड येतात आणि रोप बऱ्यापैकी सावरते. त्यांना सावलीतून एकदम उन्हात काढू नये, पाने भाजतात. वीस दिवसांच्या पुढची असतील आणि चार-पाच पानांवर असतील, तर शेंडा खुडून बगलफुटी येऊ द्यावी. झाड चांगले डेरेदार होते, परंतु पहिला तोडा आठ-दहा दिवस मागे जातो. म्हणजे अशी रोपे दसऱ्याऐवजी दिवाळी धरून लावावीत, आणि रोपवाटिकाचालकाने तसे शेतकऱ्याला तोंडावर सांगावे. मान मुळातच थप्पीत लांबली असेल, तर मात्र ती रोपे विकू नयेत. याखेरीज दुसरे उत्तर माझ्याकडे नाही.

दोष सगळा रोपवाटिकांचा आहे असेही नाही. शेतकरी १ ऑगस्टची तारीख देऊन आगाऊ रक्कम भरतो, आणि रान वाफशावर येत नाही म्हणून रोपे १५ तारखेला उचलतो. त्याचा नाइलाज असतो, पण २५ दिवसांचे रोप ट्रेमध्ये ४० दिवस राहिले तर ते लांबणारच. कितीही काळजी घेतली तरी चमचाभर माध्यमात मुळे गुंडाळी करतात आणि वरून दाटी होते. मी आता मोठी मागणी दोन हप्त्यांत, आठ दिवसांच्या अंतराने पेरतो आणि पहिला हप्ता उचलल्याखेरीज दुसऱ्याचा शब्द देत नाही. दुसरे असे, की गिऱ्हाईक अजूनही उंच रोप म्हणजे जोमाचे रोप मानते. ठेंगण्या, चार बोटांच्या रोपांचा ट्रे पुढे केला की ‘आणखी आठ दिवस वाढू द्या’ म्हणणारे अनेक भेटतात. अशा वेळी मी दोन्ही ट्रेवरून हात फिरवून दाखवतो: ठेंगणी रोपे तळव्याखालून निसटून लगेच ताठ उभी राहतात, लांबलेली आडवीच पडून असतात. मग एक रोप उपसून मुळांचा गड्डा पाहायला देतो. तो पांढरा, न फुटता अखंड निघणारा असावा, आणि खालची बीजदले हिरवी असावीत. ४ फूट बाय दीड फुटावर एकरी ७,२०० च्या आसपास रोपे लागतात. एवढी रक्कम मोजणाऱ्याने हे दोन मिनिटांचे पाहणे टाळू नये.

आपल्या राज्यात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे. भाजीपाल्याच्या रोपवाटिकांसाठी २०२०-२१ पासून शासनाची अनुदान योजना आहे. फुलांची रोपे याच ट्रेमध्ये, याच शेडखाली आणि बहुतेक वेळा याच माणसांच्या हातून तयार होतात, पण चांगले रोप कशाला म्हणावे याचा साधा निकष शेतकऱ्याच्या हाती पोचलेला नाही. पुण्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत. या संस्थांनी उंची, पानांची संख्या, वय आणि मुळांचा गड्डा एवढ्या चार गोष्टींचा एक कागद तयार केला आणि तो रोपवाटिकेच्या दारावर लावणे रूढ झाले, तर वाद निम्म्याने कमी होतील. फवारणी केलेल्या रोपांच्या पावतीवर द्रव्याचे नाव आणि तारीख लिहिण्याचीही त्यात अट असावी. मी माझ्या पावतीवर ‘वाढरोधक वापरलेले नाही’ असे लिहायला गेल्या वर्षीपासून सुरुवात केली आहे.

आपल्या दैनिकाकडे माझी मागणी लहान आहे. छापलेल्या सल्ल्यातील ‘फुलझाडांची रोपे’ या जागी ‘झेंडूची रोपे, निचऱ्याच्या जमिनीत’ अशी दुरुस्ती प्रसिद्ध करावी, आणि औषधाचे नाव पुन्हा छापायचे झाल्यास मात्रा, रोपाचे वय व शिफारस करणारी संस्था यांसह छापावे. तसेच नेट काढण्याची, कागद धुण्याची आणि थप्पी वेळेवर उघडण्याची आठवण पेरणी आटोपल्यावर ऑगस्टमध्ये न देता जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. तेव्हा आमचे ट्रे रिकामे असतात आणि हातात वेळ असतो.

आपला,
पुरंदर तालुक्यातील एक रोपवाटिकाचालक शेतकरी